गच्चीच्या चावीची वही

गच्चीची चावी न्यायची असेल तर वहीत सही करायची, हा नियम वहीकाकांनी केला तेव्हा त्यांच्या डोक्यात विज्ञान अजिबात नव्हतं. कबुतरं होती. कुणीतरी गच्चीचं दार उघडं टाकलं आणि चार कबुतरं जिन्यातून थेट दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंच्या स्वयंपाकघरात संसार थाटायला आली. दुसऱ्याच दिवशी काकांनी एक लांबोडकी वही आणली, तिच्यात नाव, नेल्याची वेळ, आणल्याची वेळ, कारण आणि सही असे रकाने आखले आणि ती चावीसकट आपल्या दाराबाहेर खिळ्याला टांगली. शेजारी दोरीला बांधलेलं पेन. दोरी मुद्दाम आखूड, म्हणजे पेन कुणाच्या खिशात जायला नको.

चौतीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावक सांभाळलेल्या माणसाकडून याहून कमी अपेक्षा ठेवणं चूकच होतं. पण बिल्डिंगला त्याची कदर नव्हती. 'वहीकाका' हे नाव त्याच महिन्यात चिकटलं. तळमजल्यावरचा शिंपी कारणाच्या रकान्यात 'सहज' असं लिहायला लागला. बिल्डिंगचे सेक्रेटरी गाडी शिकवायचा क्लास चालवत आणि कुणाशी बोलतानाही सवयीने उजवा पाय ब्रेकवर असल्यासारखा दाबत. ते म्हणाले, "काका, एवढी नोंद तर दवाखान्यातही ठेवत नाहीत हो." अपमान झाला की काका आत जाऊन पट्टी आणत आणि पुढच्या पानावर रेघा मारत बसत.

अशा या माणसाच्या पोटी ठकी जन्मली आणि शास्त्रज्ञ झाली. प्रयोगशाळेत तिच्या नावामागे डॉक्टर लावत, पण बिल्डिंगमध्ये ती ठकीच. शिंप्याच्या मशीनची मोटर तिने तीनदा दुरुस्त करून दिली होती, नर्सबाईंना बढतीच्या परीक्षेचं गणित शिकवलं होतं आणि सेक्रेटरींच्या मोबाइलमधून हरवलेले फोटो परत आणले होते. एका संध्याकाळी ती कागदाच्या नळीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली आणि जेवणाच्या टेबलावर तिने ते अलगद उलगडलं. पातळसा पापुद्रा होता.

"हे काय गं?" काकू म्हणाल्या. "डब्यांवर लावायचं प्लास्टिक?"

"आई, याला हात लावू नकोस. यात लाखो अँटेना आहेत."

काकांनी चष्मा पुसला. पूर्वी टीव्हीसाठी गच्चीवर जो अँटेना असायचा तोच त्यांना माहीत होता, आणि त्याच्यावर कावळे बसत. ठकीने समजावलं की हा अँटेना इतका लहान असतो की केसाच्या जाडीत शेकडो मावतील. टीव्हीचा अँटेना जसा हवेतला कार्यक्रम पकडतो, तसा हा ऊन पकडतो. नुसतं ऊनच नाही. तापलेल्या वस्तूतून जी ऊब बाहेर पडत असते, डोळ्याला न दिसणारी, तीही पकडतो आणि तिची वीज करतो. म्हणजे भिंत दिवसभर तापली, की ऊन कललं तरी भिंतीच्या उबेवर याचं काम चालूच राहतं.

"आणि हे खरंच चालतं?" काकांनी विचारलं.

ठकी म्हणाली, "प्रयोगशाळेत चालतं. खऱ्या घरावर अजून कुणी लावलेलं नाही. आमच्या प्रमुख मॅडम म्हणाल्यात, एखाद्या घरावर तीस दिवस लावा, खंड न पडता आकडे आणा. सरासरी अडीच वॅटच्या वर गेली तर काम पुढे चालू. नाही गेली तर आमचा गट बंद, आणि मला बॅटऱ्या तपासायच्या विभागात पाठवणार." एवढं बोलून तिने नळीच्या टोकाचा कागद उगाच सरळ केला. सहा वर्षं ती या पापुद्र्यापायी सुट्टीच्या दिवशीही घरी नसायची, हे काकांना ठाऊक होतं.

"आपल्या गच्चीवर लावू," काका म्हणाले. "परवानगीचं माझ्याकडे लागलं."

हे वाक्य त्यांना फार महागात पडलं. चौतीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते. बाहेरच्या बाजूला उभं राहिल्यावर खिडकी इतकी खाली असते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. वीज कचेरीतल्या कारकुनाने अर्ज हातात घेतला. वीज कशापासून तयार करणार, या प्रश्नापुढे तीन चौकोन होते: ऊन, वारा, इंजिन.

"ऊन आणि ऊब," काका म्हणाले.

"ऊब हा चौकोन नाहीये."

"तो तुम्ही हाताने आखू शकता. मी पट्टी आणली आहे."

कारकुनाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ऊब कशाची?"

"भिंतीची."

"मग भिंतीच्या मालकाचं ना-हरकत पत्र लागेल."

भिंत पाण्याच्या टाकीची होती आणि टाकी सगळ्यांची होती. तेव्हा सगळ्यांच्या सह्या आल्या, त्यावर सेक्रेटरींचा शिक्का आला, शिक्का पुसट उमटला म्हणून पुन्हा आला. काका चार वेळा गेले. चौथ्या खेपेला कारकून म्हणाला की आता निरीक्षक जागा पाहून जातील. काकांना त्याचा राग आला नाही. उलट, घरी येऊन ते काकूंना म्हणाले, "माणूस कामाचा आहे. मी असतो तर पाच खेपा घालायला लावल्या असत्या."

निरीक्षक आले ते जिन्याच्या वळणावर ठेचकाळून. ते वळण भर दुपारीही अंधारं असे, कारण तिथला दिवा पहिल्या मजल्याने बदलायचा की दुसऱ्या, यावर दोन वर्षं एकमत होत नव्हतं. अंगठा चोळत ते गच्चीवर पोचले. टाकीच्या भिंतीपासून वीतभर अंतरावर लाकडी चौकट उभी होती आणि चौकटीत तो पापुद्रा ताणून बसवला होता. निरीक्षकांनी तो पुढून पाहिला, मागून पाहिला आणि उरलेलं यंत्र कुठे आहे असं विचारलं.

"एवढंच आहे," ठकी म्हणाली. "आणि खाली हा मोजणारा डबा."

"यावर काय चालेल?"

"सध्या? एक बोटभर दिवा."

निरीक्षकांनी अर्ज भरला. धोका या शब्दापुढे लिहिलं 'नाही'. उपयोग या शब्दापुढेही लिहिलं 'नाही'. त्या दुसऱ्या 'नाही'ने काका घायाळ झाले. त्या दिवशी त्यांनी वहीत तीन पानं आखली.

पहिले आठ दिवस आभाळ भरून राहिलं. डब्यावरचा आकडा दोनच्या खालीच घुटमळत होता. ठकी संध्याकाळी येई, गच्चीवर जाई (सही करून; लेक म्हणून सवलत नव्हती), खाली येई आणि ताटातलं निम्मं ठेवून उठे. बिल्डिंगला हे पाहवेना. सल्ले सुरू झाले. शिंपी म्हणाला, पापुद्रा तिरपा कापला तर जास्त ताण घेईल, कापडाचं तसंच असतं. नर्सबाई म्हणाल्या, भिंतीला काळा रंग द्या. सेक्रेटरी म्हणाले, चढावर गाडी बंद पडते तशातला प्रकार आहे, थोडं मागे घ्या आणि मग पुढे. ठकी सगळ्यांना हसून म्हणाली, "काही करायचं नाही. हात लावायचा नाही. जे आहे ते मोजायचं, बस." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकमेकांकडे कुणी पाहिलं नाही.

नवव्या दिवसापासून आकडा चढला. आणि त्याच सुमाराला काकांच्या आयुष्यात एक सुखाचा काळ सुरू झाला, कारण लोक वहीत सह्या करायला लागले. न सांगता, न चुकता, वेळ घालून! शिंपी रोज चारच्या सुमाराला 'कापड सुकवणे' म्हणून चावी नेई. नर्सबाई ड्यूटीवरून आल्या की 'हवा'. खुद्द सेक्रेटरी 'टाकीची पाहणी' या कारणाने अकरा वेळा वर गेले. काकूसुद्धा, ज्यांनी लग्नानंतर कुठल्याच कागदावर कारण लिहिलं नव्हतं, 'कपडे काढणे' लिहून सही करत. एकदा तर दोरीवर एकही कपडा नसताना. नियम रुजायला वेळ लागतो, पण रुजतो, असं काका मनाशी म्हणाले. शिंप्याच्या हातात कोळशाची जुनी इस्त्री असे, नर्सबाईंच्या काखेत टॉवेलचं गाठोडं, सेक्रेटरींच्या हातात थर्मास आणि काकूंच्या हातात झाकलेलं पातेलं. पण माणसाच्या हातात काय आहे, यासाठी वहीत रकाना नव्हता. त्यामुळे काकांनी ते पाहिलं नाही.

आकडा अडीचच्या पुढे सरकला. ठकी पुन्हा पोटभर जेवायला लागली. जेवताना ती बोले, हातवारे करी, पाण्याचा पेला सांडे. काका तिच्याकडे बघत राहत आणि मनात कुणाचे तरी आभार मानत. नेमके कुणाचे, ते कळत नसे, म्हणून ते मोघम मानत.

सत्ताविसाव्या दिवशी ठकी दुपारीच घरी आली. हातात आलेख होता. तिने तो टेबलावर पसरला आणि खुर्चीत बसून राहिली.

"मॅडमनी पाहिलं," ती म्हणाली. "रोज चार ते साडेपाचच्या मध्ये ही अशी टेकाडं आहेत. पाच मिनिटं, सात मिनिटं, मग पुन्हा खाली. त्या म्हणाल्या, सूर्य असा चहाच्या वेळेला उसळत नाही. मोजणाऱ्या डब्यात दोष असणार. आणि डब्यात दोष असेल तर सगळे सत्तावीस दिवस फेकून द्यायचे." ती अगदी हळू आवाजात बोलत होती. "शेवटची तारीख तीन दिवसांवर आहे, बाबा. झालं, संपलं."

स्वयंपाकघरात झाकण पडल्याचा आवाज आला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. पदराने हात पुसत म्हणाल्या, "डब्यात दोष नाही गं. मी पातेलं ठेवत होते."

"कसलं पातेलं?"

"उकळत्या पाण्याचं. चौकटीच्या मागे. तूच म्हणालीस ना, ऊब पकडतं म्हणून. म्हटलं, बिचाऱ्याला थोडी द्यावी."

ठकीने कपाळ टेबलाला टेकवलं. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले, आणि ती रडते आहे की हसते आहे हे काकांना ठरवता येईना. मग तिने डोकं वर केलं. "पण आई, टेकाडं तर एकतीस आहेत. तू किती वेळा गेलीस?"

"आठ."

पाच मिनिटांत सगळी बिल्डिंग जिन्यात जमली. शिंप्याने मान खाली घालून इस्त्री कबूल केली. नर्सबाई म्हणाल्या, उकळत्या पाण्याच्या दोन बाटल्या टॉवेलात गुंडाळून, पेशंटच्या पायाशी ठेवतात तशा. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच ठकीला हातभार लावतो आहोत. मोटरची, गणिताची, फोटोंची फेड कुणीच बोलून दाखवली नाही, पण ती सगळ्यांच्या तोंडावर लिहिलेली होती. ठकी रागावणार होती. पण तिने हातातला आलेख पुन्हा उलगडला.

"कोण कधी गेलं, हे आता कुणाला आठवणार?" ती शेवटी म्हणाली. "वेळ कळली असती तर डबा निर्दोष आहे हे दाखवता आलं असतं. प्रत्येक टेकाडाला धनी मिळाला असता."

मग सगळ्यांच्या माना एकदम एकाच दिशेला वळल्या. दाराबाहेर, खिळ्याला, वही शांतपणे लटकत होती.

त्यानंतरचा अर्धा तास काकांनी आयुष्यभर जपून ठेवला. खुर्ची जिन्यात आली. काका बसले, चष्मा लावला, आणि ठकी आलेखावर बोट ठेवत गेली. "दहावा दिवस, चार वाजून बारा मिनिटं." "शिंपी. चार पाचला नेली, चार पंचविसाला आणली. कापड सुकवणे." "अकरावा दिवस, पाच दहा." "नर्सबाई. हवा." एकेक टेकाड आपापल्या धन्याच्या घरी जात होतं. ज्या वहीला लोक हसले होते, तिच्यातली प्रत्येक ओळ आता कुणीतरी कानांत प्राण आणून ऐकत होतं.

अडचण आली ती सेक्रेटरींची. त्यांच्या अकरा सह्यांपुढे एकही टेकाड निघेना.

"असं कसं?" ते म्हणाले. "मी उकळता चहा ठेवत होतो!"

"कशात?"

"थर्मासमध्ये."

"सेक्रेटरीकाका," ठकी मऊ आवाजात म्हणाली, "ऊब बाहेर पडू देत नाही, म्हणूनच तो थर्मास असतो."

सेक्रेटरींचा उजवा पाय जोरात दाबला गेला. जिन्यात कुणी हसलं नाही, हे त्या बिल्डिंगचं मोठेपण. ते भिंतीला टेकून उभे राहिले आणि अकरा वेळा चार मजले चढल्याचा शीण त्यांच्या चेहऱ्यावर एकदम दिसायला लागला.

शेवटी एकच टेकाड उरलं. सतरावा दिवस, चार वीस. त्या वेळेला वहीत कुणाचीच सही नव्हती.

"बेवारस आहे," शिंपी म्हणाला.

"एकही बेवारस राहून चालणार नाही," ठकी म्हणाली. "एक जरी सुटलं तरी मॅडम म्हणतील, मग डबाच बिघडलेला कशावरून नसेल?"

"सतरावा दिवस?" सेक्रेटरी एकदम सरळ झाले. "अहो, त्या दिवशी मी गेलो होतो. घाईत सही राहिली असेल. आणि मला वाटतं, झाकण उघडं होतं. हो, हो, उघडंच होतं! ते माझं टेकाड." त्यांचा चेहरा असा काही उजळला होता की नाही म्हणायची कुणाची छाती होईना. ठकीने पेन्सिल उचलली.

वहीकाकांनी वहीवरचं बोट काढून घेतलं. सतराव्या दिवशी आभाळ पुन्हा भरून आलं होतं. आदल्या संध्याकाळी ठकीने ताट जवळजवळ तसंच सारलं होतं. चार वाजता त्यांनी आपल्या कंबरेसाठीची रबरी पिशवी उकळत्या पाण्याने भरली, शालीखाली घेतली, खिळ्यावरून चावी काढली आणि वहीकडे पाठ करून वर गेले. आपली चावी, आपलीच वही. सही कुणाला दाखवायची? असं त्यांनी स्वतःला बजावलं होतं आणि ते त्यांना अजिबात पटलं नव्हतं. त्या दिवसापासून सतराव्या दिवसाचं पान आलं की ते न पाहताच उलटत. आता नुसतं गप्प बसलं तर सगळंच सुरळीत होत होतं. ठकीचं काम होत होतं, सेक्रेटरींना एक टेकाड मिळत होतं, आणि नियम करणाऱ्यानेच नियम मोडल्याचं कुणाला कळणार नव्हतं. फक्त वहीत एक खोटं नाव पडत होतं.

"थांब," काका म्हणाले. "थांब ठके. ते त्यांचं नाही. ते माझं आहे. गरम पाण्याची पिशवी. मी सही न करता गेलो होतो."

काकांनी मान वर केली नाही. कबुतरांपासून आजवर ज्यांना ज्यांना त्यांनी अर्ध्या जिन्यातून सहीसाठी परत बोलावलं होतं, ती सगळी माणसं समोर उभी होती, आणि आता ती काय बोलणार हे त्यांना ठाऊक होतं.

सेक्रेटरी पुढे आले. एकुलतं एक टेकाड गेल्याचं दुःख त्यांना लपवता येत नव्हतं. तरी त्यांनी काकांच्या मांडीवरची वही उचलली, पेन त्यांच्या हाताकडे आणलं आणि दोरी आखूड पडते म्हणून वही पेनापाशी धरून स्वतः वाकून उभे राहिले. "करा सही, काका," ते म्हणाले. "उशीर झाला तर काय झालं? वेळ तेवढी बरोबर घाला."

काकांनी वेळ घातली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची सही रकान्याबाहेर गेली.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी वही पहिल्या पानापासून वाचली, दोनदा हसल्या, आणि मग गंभीर झाल्या. टेकाडं वगळली तर सरासरी दोन पूर्णांक दोन भरत होती. म्हणजे नापास. काकूंनी डोळ्यांना पदर लावला. पण मॅडम वही सोडायला तयार नव्हत्या. घरातल्या वाया जाणाऱ्या उबेवर, पातेल्यावर, इस्त्रीवर, पाण्याच्या बाटलीवर हा पापुद्रा किती काम करतो, हे आजवर कुणी मोजलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. आणि इथे ते एकतीस वेळा मोजलं गेलं होतं, तारीख-वेळेसकट, धन्याच्या सहीनिशी. त्यांना थर्मासही आवडला. वर माणूस गेला, चौकटीपाशी उभा राहिला, आणि आकडा हललाही नाही, म्हणजे माणसाच्या नुसत्या जाण्याने फरक पडत नाही, हे त्या अकरा सह्यांनी सिद्ध होतं. सेक्रेटरींनी हे वाक्य मॅडमकडून दोनदा म्हणवून घेतलं. गट बंद झाला नाही. पुढचं वर्ष मिळालं, पातेल्यांच्या कामासाठी.

वर्षभराने निरीक्षक पुन्हा तपासणीला आले, ते न ठेचकाळता. जिन्याच्या वळणावर बोटभर दिवा लागलेला होता. गच्चीवरच्या पापुद्र्याने दिवसभर साठवलेल्या विजेवर. "हा दिवा लावलात ते फार बरं केलंत," ते म्हणाले. "मागच्या खेपेचा अंगठा अजून दुखतो." काकांनी त्यांच्यापुढे अर्ज ठेवला आणि 'उपयोग' या शब्दावर बोट ठेवलं. निरीक्षकांनी दिव्याकडे पाहिलं, 'नाही' खोडलं आणि वर 'आहे' लिहून सही केली.

त्याच आठवड्यात ठकीचा अहवाल छापून आला. आभाराचं पान नर्सबाईंनी जिन्यात उभं राहून मोठ्याने वाचलं. त्यात इस्त्री होती, बाटल्या होत्या, पातेलं होतं, आणि थर्माससाठी एक पूर्ण वाक्य होतं. शेवटी लिहिलं होतं: 'आणि माझ्या बाबांचे, ज्यांनी माझ्यासाठी एकदा नियम मोडला आणि माझ्यासाठीच ते कबूलही केलं.'

सगळे पांगल्यावर काका उठले. त्यांना गच्चीवर जाऊन नुसतं त्या चौकटीपाशी उभं राहावंसं वाटलं. त्यांनी चावी काढली, वही उघडली, नाव लिहिलं, चार वाजून वीस मिनिटं अशी वेळ घातली, आणि कारणाच्या रकान्यात, जरा विचार करून, 'आभार' असं लिहिलं. वर ऊन कललं होतं. टाकीची भिंत अजून गरम होती. काकांनी तिला तळहात लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

चावी परत आणल्याची वेळ लिहायला ते विसरले. तो रकाना अजून रिकामा आहे, आणि बिल्डिंगमध्ये कुणीही तो भरायला तयार नाही.